रमाबाईंची आठ वर्षं: तारण स्वीकारणं म्हणजे नेमकं काय?

(दृश्य: वाँटेजच्या मठाचं जुनं छायाचित्र. त्यानंतर रमाबाई आणि मनोरमा.)

२९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी पंडिता रमाबाई आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. ही बातमी पुण्या-मुंबईला पोचली आणि खळबळ उडाली. अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी, आई-वडिलांसोबत गावोगाव पुराण सांगत वाढलेली, कोलकात्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, ती बाई ख्रिस्ती झाली होती. लोकांच्या दृष्टीने गोष्ट तिथेच पूर्ण झाली.

रमाबाईंच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र ती पूर्ण झाली नव्हती. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कहाणीत, त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता.

या आठ वर्षांत त्या उपासनेला जात होत्या, पवित्र शास्त्र वाचत होत्या, १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं. मग राहिलं काय होतं? हे समजून घेतलं, तर देवाने देऊ केलेलं तारण, म्हणजे पापातून सुटका, माणूस कसं स्वीकारतो, हेही समजतं.

(दृश्य: उघडलेलं मराठी पवित्र शास्त्र, रोमकरांस पत्राची पानं.)

आधी देऊ केलंय काय, ते पाहू. मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, नव्या माणसाला शिकवताना पाळक बहुतेक वेळा नव्या करारातलं रोमकरांस पत्र उघडतात, कारण तिथे सगळा मुद्दा क्रमाने सापडतो. तिसऱ्या अध्यायाचं २३ वं वचन: सगळ्यांनी पाप केलंय. सहाव्याचं २३ वं: पापाची मजुरी मरण आहे, आणि सार्वकालिक जीवन हे देवाचं कृपादान आहे. पाचव्याचं ८ वं: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. दहाव्याचं ९ वं: येशू प्रभू आहे असं मुखाने कबूल केलं आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असा अंतःकरणात विश्वास ठेवला, तर तारण होईल.

या चार वचनांतलं पाचव्या अध्यायातलं वचन सगळ्यांत जास्त निसटतं. ‘पापी असतानाच’ हा शब्द लोक वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. आधी व्यसन सोडू, आधी राग आवरू, थोडं शुद्ध होऊ आणि मग देवासमोर उभं राहू, असा विचार मनात राहतोच. आपल्याकडे तर देवळात जायचं म्हणजे आंघोळ करून, सोवळ्याने जायचं, ही सवय हाडीमांसी खिळलेली. ख्रिस्ती शिकवणीत क्रम नेमका उलटा आहे, आणि तो शुभवर्तमानात एका प्रसंगात अगदी जवळून दिसतो.

लूक, अध्याय १९. यरीहोतला जक्कय हा मुख्य जकातदार. बुटका, श्रीमंत, लोकांचा नावडता. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू खाली थांबून वर बघतो आणि म्हणतो, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कय अजून काहीच बोललेला नाही, काहीच दिलेलं नाही, काहीच कबूल केलेलं नाही. लोक कुरकुर करतात. आणि मग जक्कय उभा राहून सांगतो: माझं अर्धं द्रव्य गरिबांना देतो, आणि कोणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. हिशोब झाला, आणि तो मोठा झाला. पण पाहुणा त्याआधीच घरी यायला निघाला होता. चौपट परतफेड ही येशूने घरी यावं म्हणून भरलेली रक्कम नव्हती. तो आल्यामुळे जक्कयाचा हात सुटला.

पश्चात्ताप म्हणजे हेच. वाईट वाटणं हा त्याचा एक भाग, पण तेवढ्याने भागत नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदालाही वाईट वाटलं होतं, त्याने तीस रुपये परतही केले, पण तो येशूकडे वळला नाही. येशूचा शिष्य पेत्र त्याला नाकारून, रडून, पुन्हा त्याच्याकडे आला. चूक दोघांची होती. तोंड कुठे वळलं, यात फरक पडला.

(दृश्य: जुना नकाशा. त्यावर सिल्चर, पुणे, लंडन, वाँटेज.)

आता विश्वासाकडे येऊ. जुन्या धर्मशिक्षकांनी विश्वासाचे तीन भाग केले आहेत, आणि रमाबाईंची वाट या तिन्हींतून गेलेली दिसते.

पहिला भाग माहिती. आसाममधल्या सिल्चरला नवऱ्याच्या घरी त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एका बाप्टिस्ट मिशनरीने त्यांना उत्पत्तीचे पहिले अध्याय समजावले. त्या उघडपणे ख्रिस्ती व्हाव्यात, हे पती बिपिनबिहारी मेधावी यांना पसंत नव्हतं. १८८२ मध्ये पती वारले, रमाबाई पुण्याला आल्या आणि तिथे नवा करार मराठीतून शिकल्या.

दुसरा भाग संमती, म्हणजे ‘हे खरं आहे’ असं मनाने मान्य करणं. त्याला लंडन कारण ठरलं. तिथल्या फुलहॅममध्ये वाँटेजच्या मठातल्या भगिनींचं (जोगिणींचं) एक आश्रयगृह होतं, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी. अशा बायकांची कोणी इतक्या मायेने सेवा करतं, याचं रमाबाईंना आश्चर्य वाटलं. कारण विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू विहिरीवर परक्या जातीच्या बाईशी बोलतो ती शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. नंतर ख्रिस्ती झालेले ब्राह्मण पंडित नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाने बुद्धीच्या उरलेल्या शंका बऱ्याच मिटवल्या आणि बाप्तिस्मा झाला. सगळ्या नाही मिटल्या. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणीवरून आणि चर्चच्या अधिकारावरून रमाबाईंनी नंतरही वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून खणखणीत वाद घातले, आणि ते घातले हे चांगलंच केलं. विचारणारं मन देवाला चालत नाही, असं शास्त्रात कुठे नाही.

तिसरा भाग भरवसा. इथे गाडी अडली होती. रमाबाईंनी आपली समजूत नीट नोंदवून ठेवलीय: पापाचा पश्चात्ताप केला, ते सोडायचा निश्चय केला, बाप्तिस्म्याचा विधी झाला, म्हणजे नवा जन्म झाला आणि पापं धुतली गेली, असं त्यांना वाटत होतं. यातलं एकेक वाक्य चुकीचं वाटत नाही. तरीही सगळा भार आपल्या निश्चयावर आणि विधीवर टेकलेला आहे. ज्याने तारण करायचं, तो यात बाजूलाच उभा आहे.

डॉक्टरवर विश्वास असणं आणि त्याच्या हाती शस्त्रक्रियेसाठी अंग सोपवणं, यात जे अंतर आहे, तेच संमती आणि भरवसा यांत आहे. याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या १९ व्या वचनात, हे कठोरपणे सांगितलंय: देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅझलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन रमाबाईंच्या वाचनात आलं. हा माणूस कित्येक वर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता, आणि १८५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये एका रविवारी उपदेश देता देता त्याचा स्वतःचाच पालट झाला. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारलं, माझा पालट कुठे झालाय? आणि त्यांना कळून चुकलं की मला ख्रिस्ताची गरज आहे, नुसत्या त्याच्या धर्माची नाही. देव माझ्या योग्यतेची वाट बघत नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि जशा होत्या तशा ख्रिस्ताच्या हाती स्वतःला दिलं. पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही. बाहेरून बघणाऱ्याला त्या दिवशी काहीच दिसलं नसतं.

फरक पुढे दिसला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. अखेरची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात घातली, साध्या बाईला वाचता येईल अशा भाषेत. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी केली.

(दृश्य: चर्चमधलं बाप्तिस्मा-पात्र. नंतर नदीकाठचा बाप्तिस्मा.)

मग बाप्तिस्म्याचं काय? तो टाळायचा का? अजिबात नाही. प्रेषितांची कृत्यं, अध्याय २: पेत्राचा उपदेश ऐकून लोक विचारतात, आम्ही काय करावं? उत्तर येतं, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. त्या दिवशी सुमारे तीन हजारांनी घेतला. अध्याय १६: फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी रात्रीच्या भूकंपानंतर तोच प्रश्न विचारतो, पौलाच्या जखमा धुतो आणि त्याच रात्री घरादारासह बाप्तिस्मा घेतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला मात्र तेवढी सवड नव्हती. त्याने एक वाक्य उच्चारलं आणि त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. म्हणून मंडळी बाप्तिस्मा सोडत नाही, आणि ज्याला तो घेता आला नाही त्याला देवाने टाकलं असंही म्हणत नाही.

विधीची तऱ्हा वेगवेगळी आहे. ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या काळातल्या लहानशा ग्रंथात सूचना आहे: वाहतं पाणी घ्यावं, ते नसेल तर दुसरं, गार शक्य नसेल तर कोमट, आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावं. घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपवास करावा. आज बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या अंगभर बुडवतात. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, त्याआधी कित्येक महिन्यांचं शिक्षण असतं. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा प्रौढ बाप्तिस्मा, दोन्ही चालतात.

एका बाबतीत या चर्चेसमध्ये शेकडो वर्षं भांडण होतं: माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कर्माने? ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने आणि ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सामर्थ्य देतो. सगळे मतभेद संपले नाहीत. पण आपल्याकडच्या गावात दोन चर्चचे लोक अजूनही एकमेकांच्या तारणाबद्दल शंका घेतात, त्यांनी हे निवेदन जरूर वाचावं.

आता चूक कुठे होते ते पाहू. मराठी मुलखात सर्रास आढळणारी चूक म्हणजे नवसाचा हिशोब. आजार बरा झाला तर विश्वास ठेवीन. बरा होतोही, आणि माणूस मंडळीत येतो. पुढच्या वर्षी दुसरं दुखणं येतं, ते बरं होत नाही, आणि माणूस निघून जातो. त्याचा भरवसा उत्तरावर होता, उत्तर देणाऱ्यावर नव्हता. याचा दोष त्याच्याइतकाच ‘येशूकडे या, सगळं बरं होईल’ असं सांगणाऱ्याचाही आहे.

दुसरी चूक प्रार्थनेच्या शब्दांची. पाळक पुढे म्हणतात, लोक मागे म्हणतात, हात वर होतात, आणि तारण झालं अशी नोंद होते. ही पद्धत अलीकडच्या काळातल्या सभांतून आलेली आहे, नव्या करारात असा ठरलेला मजकूर कुठेच नाही. शब्द चांगले आहेत, पण ते मंत्र नाहीत. शोमरोनातल्या शिमोनाने बाप्तिस्मासुद्धा घेतला आणि नंतर प्रेषितांसमोर पैसे धरून पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य विकत मागितलं. कृत्यांच्या आठव्या अध्यायात पेत्र त्याला ज्या भाषेत फटकारतो, ती प्रत्येक पाळकाने ध्यानात ठेवावी.

आणि जन्माने ख्रिस्ती असलेल्यांचं काय? पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक, घरात नाताळला करंज्या आणि गायनं. हे सगळं सुंदर आहे, पण विश्वास वारसाहक्काने नावावर चढत नाही. रमाबाईंची आठ वर्षं अशा घरांतून अनेकदा साठ वर्षांची होतात.

भावनांवर माप घेणं हीसुद्धा अडचण. काहींना रडू येतं, काहींना काहीच होत नाही. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात कबुली आणि विश्वास आहे, अश्रूंचा उल्लेख नाही. ज्या सकाळी काहीच वाटत नाही, त्या सकाळी वचन तेच असतं.

कोणाला आज हे पाऊल उचलायचं असेल, तर योहानकृत किंवा मार्ककृत शुभवर्तमान सलग वाचावं. मार्कचे सोळा अध्याय दोन तासांत होतात. मग स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलावं: ठाऊक असलेलं पाप नाव घेऊन कबूल करावं, ख्रिस्ताने ते वाहिलं यावर भार टाकावा, त्याला प्रभू म्हणावं. नंतर मंडळीत जावं, पाळकांना सांगावं, शिकावं आणि घाई न करता बाप्तिस्मा घ्यावा. ज्याचं आपण देणं लागतो त्याला ते परत करावं.

आणि कोणी पैसा, नोकरी, लग्न किंवा भीती दाखवून हे करून घेत असेल, तर तिथून उठून जावं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, मिशनकार्याविषयीच्या आपल्या आदेशात, बळजबरी आणि आमिष या दोन्हींना स्पष्ट मनाई केली आहे. देऊ केलेली गोष्ट नाकारता येत नसेल, तर ती देणगी राहत नाही.

जबरदस्ती नसली की काय होतं, याचं एक उदाहरण. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तेव्हाही त्यांचं सोवळं वेगळं आणि स्वयंपाक वेगळा होता. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, हे आधी त्यांना स्वतःला पटलं, मग बाकीचं. १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.