औषध कशासाठी, तेही लिहा

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्राथमिक आरोग्यसेवेतील समन्वय आणि फार्मासिस्ट’. त्यावर येतोच. पण आधी एका ओळीबद्दल बोलू द्या, कारण समोर डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट असे तिघेही बसलेत आणि असा योग रोज येत नाही.

ही ओळ प्रिस्क्रिप्शनवर नसते. औषधाचं नाव असतं, डोस असतो, किती दिवस घ्यायचं ते असतं. कशासाठी, ते मात्र नसतं.

अमिट्रिप्टिलिन घ्या. नैराश्यावर देतात, मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात, मायग्रेन होऊ नये म्हणूनही देतात. दहा मिलिग्रॅम, रात्री झोपताना. एक बाई माझ्या दुकानातून घेऊन जातात आणि दोन दिवसांनी स्ट्रिप काउंटरवर आपटतात. “मोबाइलवर बघितलं मी. डिप्रेशनची गोळी आहे ही! माझे पाय जळतात, डोकं अगदी ठिकाणावर आहे.” चिठ्ठीवर ‘पायांच्या जळजळीसाठी’ एवढं असतं, तर पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत समजावलं असतं. आता त्यांना पटवायचं म्हणजे मीच डॉक्टरांना सामील आहे असं त्यांना वाटतं. (हसू नका, पुढच्या रांगेतल्या दोघांना हे प्रकरण माहीत असणार.)

ही किरकोळ गोष्ट झाली. मेथोट्रेक्सेट किरकोळ नाही. संधिवातावर किंवा सोरायसिसवर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. काही कॅन्सरच्या उपचारांत सलग काही दिवस देतात. समोर चिठ्ठी येते : ‘रोज एक’. आजार लिहिलेला नाही. मी दवाखान्यात फोन लावतो, उचलतं रिसेप्शन.

“लिहिलंय तसं द्या.”

“अहो, तेच विचारायचंय, लिहिलंय ते बरोबर आहे का?”

“डॉक्टर पेशंट बघतायत.”

“हा पण त्यांचाच पेशंट आहे, माझ्यासमोर उभा आहे.”

“मग त्यालाच विचारा ना!”

विचारलं. बोटांचे सांधे सुजलेले दिसतच होते. गोळी दिली नाही, दोन तासांनी डॉक्टरांचा फोन आला, चिठ्ठी दुरुस्त झाली. ते डॉक्टर भले होते, आभारही मानले त्यांनी. माझी तक्रार त्या दोन तासांबद्दल आहे. रोज घेतलं तर ते औषध अस्थिमज्जा दाबतं, म्हणजे रक्तपेशी पुरेशा तयार होत नाहीत, माणूस दगावतो. आणि त्याची पहिली खूण बऱ्याचदा आमच्याकडेच येते : “तोंड आलंय, काहीतरी जेल द्या.” जेल देऊन मोकळं व्हायचं, की आणखी कोणती औषधं चालू आहेत ते विचारायचं? विचारलं तरी पुढे कळवायचं कुणाला? त्याच रिसेप्शनला?

तेराव्या शतकात युरोपात पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं फर्मान काढून वैद्य आणि औषधविक्रेते वेगळे केले. धंद्यात साटंलोटं नको, हा हेतू चांगलाच होता. पण बोलणंही बंद करा असं त्यात नव्हतं हो! ते आपण आपल्या मनानं वाढवलं.

आता माझी लाडकी गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये 52 केशकर्तनालयांत एक चाचणी झाली, निष्कर्ष 2018 मध्ये छापून आले. रक्तदाब जास्त असलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष, सगळे त्या दुकानांचे नेहमीचे गिऱ्हाईक. काही दुकानांत न्हाव्यानं नुसतं सांगायचं : डॉक्टरकडे जा, राहणीमान सुधारा. बाकीच्या दुकानांत फार्मासिस्ट येऊन बसायचा, दाब मोजायचा आणि डॉक्टरांशी आधी ठरलेल्या करारानुसार औषध लिहायचा, वाढवायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी नऊनं उतरला, दुसऱ्याचा सत्तावीसनं. सत्तावीस! लोक म्हणतात, कमाल त्या खुर्चीची. पण खुर्ची दोन्हीकडे होती, न्हावीही होता. फरक पडला तो फार्मासिस्ट आणि त्या लेखी करारामुळे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे छापलेला विषय आता पाच मिनिटांत.

पहिलं, कशासाठी ते लिहा. जिथे आजाराचा उल्लेख पेशंटला अडचणीचा वाटेल, तिथे त्याला विचारून वगळा. दुसरं, रिसेप्शनला वळसा घालून जाणारी एक वाट ठेवा : नर्सचा नंबर, ठरलेली वेळ, काहीही. तिसरं, करार छोटा असू द्या. नुसत्या रक्तदाबापासून सुरुवात करा. फार्मासिस्टनं कुठवर डोस बदलायचा, कोणत्या आकड्याला पेशंट परत पाठवायचा, रक्त कधी तपासायचं, एवढं एका पानावर येतं. कायदा डोस बदलू देत नसेल तर दाब मोजून कळवायचं तरी ठरवा. चौथं, पायावर सूज आली म्हणून लघवीची गोळी सुरू करण्याआधी अम्लोडिपिन चालू आहे का ते बघायचं, कारण रक्तदाबाच्या त्या गोळीनंही पाय सुजतात; त्यासाठी औषधांची पूर्ण यादी लागते, आणि पेशंट तीन डॉक्टरांकडे जात असेल तर ती बहुधा फक्त औषधाच्या दुकानात जुळते. ती मागा आमच्याकडे.

पैशाचं राहिलं. विकलेल्या औषधाच्या खोक्यामागे कमाई असेल, तर ‘ही गोळी बंद करा’ म्हणणारा फार्मासिस्ट स्वतःचाच खिसा कापतो. सल्ल्याचे पैसे वेगळे मिळायला हवेत. ते कुणी द्यायचे, यावर मला अर्धा तास हवा होता आणि अध्यक्ष उभे राहिलेत. घ्या प्रश्न. पहिला हात डॉक्टरांचाच आहे, बोला.