डबल एजंट गार्बो : खोटं कमी, खरं जास्त

नमस्कार मंडळी! ‘गार्बोवर व्हिडिओ करा’ असा नुसता धोशा लावलाय तुम्ही. चला, करूया.

आधी भराभर. गार्बो हे दुसऱ्या महायुद्धातल्या एका हेराचं सांकेतिक नाव. खरं नाव हुआन पुजोल, बार्सिलोनाचा, जन्म १९१२. हिटलरची मनापासून चीड. १९४१मध्ये माद्रिदला ब्रिटिशांकडे गेला, ‘मला हेर म्हणून घ्या’. त्यांनी वाटेला लावलं. मग नाझीभक्त असल्याचं भासवून जर्मनांचा हेर झाला. त्यांच्या लेखी हा लंडनला गेला, प्रत्यक्षात बसला लिस्बनमध्ये! तिथून टूरिस्ट गाइड आणि रेल्वेचं वेळापत्रक चाळत ‘लंडनहून’ पत्रं पाठवायची. ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असंही लिहिलं त्याने. स्कॉटलंडात, वाइन! तरी जर्मनांना पटलं. शेवटी एप्रिल १९४२मध्ये ब्रिटिश गुप्तहेर खात्यानेच त्याला लंडनला आणलं.

आता खरी गोष्ट. ‘थापा मारता आल्या की झाला डबल एजंट’ असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहितं आणि त्याला शेकडो लाइक्स पडतात. मला याचा खरंच राग येतो. नुसता थापाड्या हेर कधी ना कधी पकडला जातोच! शत्रूला खरी माहिती द्यावी लागते, फक्त तिचा उपयोग संपल्यावर.

नोव्हेंबर १९४२. दोस्त राष्ट्रांचं सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरणार होतं. गार्बोच्या पत्रात जहाजं निघाल्याची खबर होती, अगदी खरी. पत्रावर शिक्का हल्ल्याच्या आधीचा, पण जर्मनांच्या हाती पडलं हल्ल्यानंतर. आमचे मामा पोस्टात होते. त्यांना ही गोष्ट सांगताना मी पत्राशी आलो, तर त्यांनी लगेच विचारलं, ‘शिक्का कधीचा?’ बरोबर तिथेच सगळी मेख आहे. जर्मनांनी टपालाला दोष दिला, गार्बोचं कौतुकच केलं.

दुसरं. गार्बोचे हाताखालचे २७ हेर सगळे काल्पनिक. त्यातला लिव्हरपूलचा हेर तिथून निघालेलं आरमार पाहणारच, मग कळवलं का नाही? म्हणून तो आजारी पडला आणि वारला. स्थानिक पेपरात निधनवार्ता छापून आणली. जर्मनांनी त्याच्या ‘विधवेला’ पेन्शन दिली. न दिलेल्या खबरीचाही हिशेब द्यावा लागतो, मंडळी.

आणि ६ जून १९४४. दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होतं. पहाटे तीनला गार्बो नॉर्मंडीची खबर द्यायला तयार, खरी खबर! जर्मनांच्या माद्रिदच्या वायरलेसवर कोणी उचलायलाच नाही. सकाळी त्याने जर्मनांना असं झापलं की ते वरमले. इतकी पत कमावल्यावर, ९ जूनला, त्याने ती मोठी थाप मारली : नॉर्मंडी हा देखावा आहे, खरा हल्ला फ्रान्सच्याच किनाऱ्यावर, पण कॅलेला होणार. ती हिटलरपर्यंत पोचली आणि कॅलेजवळचं सैन्य कित्येक आठवडे तिथेच अडकून पडलं. जर्मनांनी आयर्न क्रॉस हे पदक दिलं, ब्रिटिशांनी एमबीई हा किताब.

त्याच्या बायकोबद्दल, अरासेलीबद्दल, मात्र कोणीच विचारत नाही. लिस्बनमध्ये तीच त्याच्या पाठीशी होती. १९४३मध्ये लंडनला कंटाळून ती म्हणाली, मला माहेरी जाऊ द्या, नाहीतर स्पॅनिश दूतावासात जाऊन सगळं सांगते. तेव्हा तिला गप्प करायला गार्बोने स्वतःच्या अटकेचं नाटक रचलं. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला कोठडीत नवऱ्याला भेटायला नेलं आणि ती हादरून गेली. शत्रूसाठी घडवलेली युक्ती त्याने घरात वापरली. हे मला आजही पटत नाही.