अशाब्दिक चाचणीचा आकडा किती भरवशाचा?

जत तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारं मूल मराठी प्रश्नांपुढे गप्प बसतं. ऊसतोडीला वाळवा-कराडकडे आलेल्या टोळीतल्या मुलाची शाळा दर हंगामात तुटते. अशा मुलांना शब्दांची चाचणी देणं अन्यायाचं आहे, म्हणून बुद्धी मोजायला आपण अशाब्दिक चाचणीकडे, म्हणजे शब्दांऐवजी आकृत्या आणि ठोकळ्यांच्या चाचणीकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. पण भाषा वगळली की आकडा आपोआप खरा होतो, हा समज इथे जमलेल्या शिक्षकांनी सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सांगलीच्या हळद बाजाराचंच उदाहरण घ्या. तेच पोतं दोनदा काट्यावर ठेवल्यावर वजन सारखं येतं का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. ते वजन पाहून हळदीत कुरकुमिन हे रंगद्रव्य किती हे सांगता येईल का, हा सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातं का याचा. काटा कितीही चोख असला तरी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही.

विश्वसनीयता गुणक, म्हणजे ० ते १ मधला विश्वसनीयतेचा आकडा, ०.९० असेल तर आपल्याला समाधान वाटतं. पण हिशेब करून बघा. बुद्ध्यंकाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा गुणांचा पसारा, सहसा १५ असतं. १ मधून ०.९० वजा करून वर्गमूळ काढायचं आणि १५ने गुणायचं, की मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा सहसा किती इकडेतिकडे होतो ते, येते सुमारे ४.७. तिची जवळपास दुप्पट दोन्ही बाजूंना धरायची. म्हणजे ७५ हा आकडा ९५ टक्के खात्रीने साधारण ६६ ते ८४ एवढा पसरतो. गुणक ०.८० असेल तर तोच पट्टा ६२ ते ८८ होतो. बौद्धिक अक्षमतेसाठी धरली जाणारी ७० ही सीमारेषा या पट्ट्याच्या आत पडते, हे विसरून चालणार नाही. दोन मापनांतला फरक तर आणखी डळमळीत असतो. ०.९० गुणकाच्या चाचणीवरसुद्धा तो १३ गुणांच्या आत असेल, तर ‘मूल सुधारलं’ किंवा ‘घसरलं’ असं म्हणू नये.

शिवाय तो ०.९० आला कुठून, हेही विचारायला हवं. सहा ते चौदा वर्षांची मुलं एकत्र घेऊन गुणक काढला तर तो फुगतो. मोठ्या मुलांना जास्त गुण मिळणारच, आणि वयाचा तो फरक विश्वसनीयता म्हणून मोजला जातो. गुणक हवा तो एकेका वयोगटाचा. वेळेच्या चाचणीत सम-विषम प्रश्न वेगळे करून काढलेला गुणकही फसवा असतो, कारण मूल जिथे थांबतं तिथून पुढचे दोन्ही भाग सारखेच कोरे राहतात. पुनर्चाचणीची, म्हणजे तीच चाचणी पुन्हा घेण्याची, अडचण वेगळी आहे. सरावाने सगळ्यांचेच गुण सहा-सहाने वाढले तरी दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध उत्तम येतो, पण आकडा मात्र बदललेला असतो.

रेव्हनच्या १९३८च्या प्रमाणित मॅट्रिसेसमध्ये, म्हणजे आकृतीतला गाळलेला तुकडा पर्यायांतून निवडायच्या चाचणीत, ६० आकृत्या आहेत, बारा-बाराचे पाच संच. पहिल्या दोन संचांत सहा पर्याय, पुढच्या तिन्हींत आठ. नुसत्या अंदाजाने बोट ठेवणाऱ्या मुलालाही सरासरी साडेआठ गुण मिळतात. त्यामुळे तळाच्या गुणांवरून मुलामुलांत फरक करू नका. संचवार गुण जरूर पाहा. एकूण गुणांनुसार अपेक्षित असलेल्या गुणांपेक्षा एखाद्या संचात दोनहून जास्त तफावत असेल, तर एकूण आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. बहुधा मुलाची उत्तरपत्रिकेवरची ओळ चुकलेली असते, किंवा ते कंटाळून बोट ठेवत गेलेलं असतं. लहान मुलाने बोट दाखवावं आणि नोंद आपण करावी. रंगीत आवृत्तीची काळी-पांढरी झेरॉक्स वापरली तर ती चाचणी ती उरतच नाही.

सप्रमाणता चाचणीला एकदा मिळाली म्हणून कायमची चिकटत नाही. ती विशिष्ट मुलांसाठी, विशिष्ट निर्णयासाठी असते. भाटिया यांच्या १९५५च्या कृतिचाचणीची (हाताने करून दाखवायच्या चाचणीची) प्रमाणकं, म्हणजे तुलनेसाठीची गुणांची कोष्टकं, उत्तर प्रदेशातल्या मुलग्यांवर बेतलेली आहेत. त्या कोष्टकात आज आटपाडीच्या मुलीचा बुद्ध्यंक शोधणं कोणत्या आधारावर? जुन्या प्रमाणकांचा एक ठरलेला धोकाही आहे. अनेक देशांत दर दशकाला बुद्ध्यंकाचे सरासरी गुण साधारण तीनने वाढत गेलेले दिसले, म्हणून जुनं कोष्टक बुद्ध्यंक फुगवून दाखवतं आणि मदतीची गरज असलेलं मूल सीमारेषेच्या वर राहून जातं.

सेगँ फॉर्म बोर्डात, म्हणजे ठोकळे आपापल्या आकाराच्या खाचांत बसवायच्या फळीत, दहा ठोकळे आणि तीन प्रयत्न असतात. तोच बोर्ड वर्गात खेळायला ठेवला असेल, तर मोजला जातो सराव. आणि ‘अशाब्दिक’ चाचणीतही सूचना शब्दांतच दिल्या जातात. डावीकडून उजवीकडे, वरून खाली बघायची सवय पुस्तकातून येते. जे मूल पुस्तकाशी कमी राहिलं, त्याला आकृती कोड्यासारखी दिसत नाही, नक्षीसारखी दिसते. सराव-आकृतीवर घाई झाली तर आपण बुद्धी मोजत नसतो, सूचना कळली की नाही तेवढंच मोजत असतो.

बौद्धिक अक्षमतेचा निर्णय या एका आकड्यावर कधीही घेऊ नये. जेवण, कपडे, पैशांचा हिशेब, रस्ता ओलांडणं, या रोजच्या वागण्याचं मापन त्यासोबत हवंच. आधी डोळे आणि कान तपासून घ्या.

अहवालात चाचणीची आवृत्ती, प्रमाणकांचं वर्ष, वयोगटाचा गुणक आणि आकड्याचा पट्टा लिहा. जतच्या त्या मुलासाठी एक ओळ वाढवा: सूचना कन्नडमध्ये कोणी दिल्या, आणि सराव-आकृती किती वेळा दाखवावी लागली.