भाव तोच, बूड जाड

आयोजकांनी फळ्यावर तीन शब्द लिहिलेत: महागाई, बेरोजगारी, दारिद्र्य. आणि मला दिलाय पाऊण तास. पंचवार्षिक योजनांना जे झेपलं नाही ते मी पाऊण तासात उरकायचं. बघू.

चहापासून सुरुवात करतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टपरी आहे. कटिंग कित्येक वर्षं १० रुपयांनाच. दूध वाढलं, साखर वाढली, गॅस वाढला, हा पठ्ठ्या काही हलत नाही. मी चारचौघांत त्याचं कौतुक करायचो. एक दिवस चहा संपवला, ग्लास खाली ठेवायला गेलो, तर जड लागला. रिकामा ग्लास, आणि जड! उलटा करून पाहिला. बूड बोटभर जाड. म्हटलं, जुने ग्लास कुठे गेले? "काका, फुटले." सगळे? "सगळे."

मी घरून औषधाचं माप घेऊन गेलो. हसा, आमच्या हिनेही तेव्हा हसूनच दार लावून घेतलं. नव्या ग्लासात ७० मिली. जुन्यातला एक ग्लास शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे पेनं ठेवायला होता. तो विसळून मोजला: ९० मिली. म्हणजे मिलीमागे भाव साडेअठ्ठावीस टक्क्यांनी चढला आणि पाटीवर १० ते १०! बिस्किटाच्या पुड्यावर निदान ग्रॅम छापलेले असतात, चोरी पकडता येते. काचेच्या बुडावर काय छापणार?

तर महागाई. १०० रुपयांची वस्तू वर्षात ८ टक्क्यांनी वाढून १०८ ला गेली. पुढच्या वर्षी दर ४ टक्के, म्हणून ११२ रुपये ३२ पैसे. पेपरात मथळा येतो, 'महागाई निम्म्यावर'. बाजारातून आलेली काकू म्हणते, खोटं आहे. दोघंही खरं बोलतायत. दर उतरलाय, भाव चढतोच आहे. शिवाय मोजणाऱ्यांची टोपली, म्हणजे ज्या वस्तूंचे भाव ते धरतात ती यादी, तुमची नसते. २०१२ हे पायाचं वर्ष धरलेल्या, महागाई मोजायच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याला वजन होतं ४५.८६ टक्के, आणि घराचा हप्ता त्यात नव्हताच, भाडं होतं. तिसऱ्या रांगेतल्या कर्जदारांनी आपापली समजूत घालून घ्यावी.

चिठ्ठी आली. ५ मिनिटं. घ्या!

बेरोजगारी. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या, म्हणजे रोजगाराच्या पाहणीच्या, आठवड्याच्या निकषात, सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं की माणूस रोजगारात धरतात. घरच्या दुकानात बिनपगारी बसणाराही. आमच्या टपरीवर पुतण्या ग्लास विसळतो, इंजिनिअर आहे. सर्वेक्षणात तो कामावर. यावर अर्धा तास बोलायचा होता, राहू द्या.

दारिद्र्य. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली माणशी रोजचे २२५० उष्मांक धरून दारिद्र्यरेषेचा हिशेब मांडला: १९६०-६१ च्या भावाने गावात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढे २०११ साली नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात शहरासाठी ही रेषा माणशी रोजचे ३२ रुपये सांगितली आणि देशभर गदारोळ झाला. ३२ रुपयांत आमच्या टपरीवर तीन कटिंग येतात, वर दोन रुपये उरतात. आता २०११ ची रेषा आजच्या भावाने मोजणं ही माझी लबाडी आहे, मान्य. रेषा भाववाढीप्रमाणे वर सरकवायची असते. कुठल्या टोपलीप्रमाणे, आणि ग्लास कुठला धरून... हो हो, उठतो.