लेक चार्ल्सचा इशारा, ब्राउन्सव्हिलच्या टेबलावरून

[दृश्य: उपग्रहचित्र. मेक्सिकोच्या आखातातून लुईझियानाकडे सरकणारं वादळ]

२७ ऑगस्ट २०२०. मध्यरात्र उलटली आहे. ताशी २४० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन 'लॉरा' हे हरिकेन लुईझियानातल्या कॅमेरॉनजवळ किनाऱ्यावर आदळतंय. जवळच्या लेक चार्ल्स शहरात हवामान कार्यालयाचं रडार आहे. वारा त्याचा घुमट फोडतो आणि आतली तबकडीही उखडून टाकतो. कार्यालयातल्या माणसांना आधीच सुरक्षित जागी हलवलेलं आहे.

तरीही लेक चार्ल्सच्या नावाचे इशारे निघतच राहतात. ते लिहिणारे लोक टेक्ससच्या दक्षिण टोकाला, ब्राउन्सव्हिलच्या कार्यालयात बसले आहेत. सहाशे किलोमीटरहून दूर.

[दृश्य: अमेरिकेचा नकाशा, कार्यालयांच्या हद्दी उजळतात]

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची अशी १२२ अंदाज कार्यालयं आहेत. प्रत्येकाला काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, वाटून दिलेल्या. आपल्या हद्दीतले इशारे आपणच द्यायचे, शेजारच्या हद्दीत लुडबुड करायची नाही. पण एखादं कार्यालय बंद पडलं तर त्याचं काम कोणी उचलायचं, हे आधीच ठरलेलं असतं. पहिला बदली कोण आणि त्याला जमलं नाही तर दुसरा कोण, हेसुद्धा.

हे जमतं, कारण सगळीकडे संगणकप्रणाली एकच आहे. ब्राउन्सव्हिलचा हवामानतज्ज्ञ आपल्या पडद्यावर लेक चार्ल्सची हद्द उघडतो, तिथला चालू अंदाज ओढून घेतो आणि पुढे काम सुरू करतो. निघणाऱ्या संदेशावर मूळ कार्यालयाचं नाव आणि त्याचा अक्षरी कोड तसाच राहतो. त्याखाली फक्त एक ओळ वाढते: जारी करणारे, ब्राउन्सव्हिल. टीव्ही केंद्रं, आपत्कालीन विभाग आणि इतरांच्या यंत्रणा त्या कोडवरूनच संदेश ओळखतात. नाव बदललं, तर नेमका गरजेच्या वेळी इशारा वाट चुकायचा.

एरवी ही व्यवस्था फार नीरस कारणांसाठी वापरली जाते. नवं सॉफ्टवेअर बसवायचंय, कुणीतरी खोदकामात केबल तोडलीय, जनरेटर रुसलाय. काही तास शेजारी सांभाळतो, मग काम परत. हरिकेनच्या रात्री हात सफाईने चालतात ते या कंटाळवाण्या सरावामुळे.

खरा पेच वेगळाच आहे. बदली म्हणून कोणाला नेमायचं?

[दृश्य: २००५, पुरात बुडालेलं न्यू ऑर्लिन्स]

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना हरिकेन. न्यू ऑर्लिन्सचं अंदाज कार्यालय स्लायडेल गावात आहे. तिथली संपर्कव्यवस्था तुटली आणि काम अलाबामातल्या मोबील कार्यालयाकडे गेलं. मोबील तिथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. किनारा, खाड्या, सखल वस्त्या सगळं ओळखीचं. पण त्याच दिवशी कॅटरिनाच्या उधाणाचं पाणी खुद्द मोबील शहरातही शिरलं होतं! म्हणजे जवळच्याला मुलूख ठाऊक असतो, पण तोही त्याच वादळात सापडलेला असतो. लांबचा कोरडा आणि निवांत असतो, पण कोणत्या रस्त्यावर आधी पाणी चढतं हे त्याला माहीत नसतं. माझं मत विचाराल तर हरिकेनसाठी लांबचाच बरा. मुलखाची माहिती फोनवरून विचारता येते. वीज, इंटरनेट आणि झोप झालेली माणसं फोनवरून मागवता येत नाहीत.

काही गोष्टी मात्र कोणताच बदली भरून काढू शकत नाही. लेक चार्ल्सहून रोज दोनदा हवेत सोडला जाणारा फुगा ब्राउन्सव्हिलहून सोडून चालत नाही. वरच्या हवेचं माप तिथलंच हवं. रडारचंही तसंच. शेजारचं रडार दिसतं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा झोत अंतराबरोबर वर वर जातो. शंभर किलोमीटरवर सर्वांत खालचा झोत जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच असतो, दोनशेवर चार किलोमीटर. त्याखाली काय शिजतंय ते दिसतच नाही.

पोर्तो रिकोने हे फार महाग अनुभवलं. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हरिकेनने बेटावरचं रडार उद्ध्वस्त केलं. तिथल्या सान हुआन कार्यालयाचं काम मायामीने सांभाळलं, पण ते रडार पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला.

[दृश्य: संगणककेंद्र]

वरच्या पातळीवरही जोड्या आहेत. टोर्नेडोवर नजर ठेवणारं केंद्र ओक्लाहोमात. ते बंद पडलं तर नेब्रास्कातल्या हवाई दलाच्या तळावरून काम चालतं. त्सुनामीसाठी अलास्का आणि हवाई एकमेकांना सांभाळतात. अंदाज मोजणारे महासंगणक दोन, अगदी एकसारखे: एक व्हर्जिनियात, एक ॲरिझोनात.

[दृश्य: रात्री दिवे मालवलेलं कार्यालय]

२०२५ मध्ये मनुष्यबळ घटलं आणि कॅन्ससमधल्या गुडलँडसह काही कार्यालयांना रात्रपाळी बंद करावी लागली. यंत्रं धडधाकट होती, फक्त खुर्चीत माणूस नव्हता. तेव्हाही तीच व्यवस्था कामी आली: रात्रीची हद्द शेजाऱ्याकडे. पण ही योजना काही तासांच्या अडचणीसाठी आखलेली आहे, आणि शेजाऱ्याकडे फुरसत असेल हे तिच्यात गृहीत आहे. मैदानी प्रदेशात रात्री उठणारी वादळं एका हद्दीत थांबत नाहीत. दोन्हीकडे एकदम टोर्नेडोची चिन्हं दिसू लागली, तर त्या एकाच पाळीला दोन नकाशे पाहावे लागतात, आणि इशारा द्यायला हाताशी मिनिटंच असतात.