गावी गेल्यामुळे

(दृश्य : पत्र्याची ट्रंक. कडीला कुलूप नाही, सुतळी.)

ही ट्रंक आईच्या लग्नात आली, साड्या ठेवायला. साड्या पुढे दोरीवर गेल्या आणि ट्रंकेत शाळा शिरली. सुतळी सोडणारे हात भावाचे आहेत. कॅमेरा माझ्याकडे.

(दृश्य : बीडीडी चाळ. जिना, मग पॅसेज.)

पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिलेलं असलं तरी आमच्या तोंडी डिलाईल रोडच. मुंबईतल्या या बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी १९२०च्या दशकातल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. मधून हा लांबलचक पॅसेज, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. पॅसेजच्या टोकाला उजेड दिसतोय ना, तिथे संध्याकाळी आईचा दुसरा वर्ग भरायचा. पाटीवर मुलं, आणि मुलं उठली की त्याच पाटीवर सही गिरवायला त्यांच्या आया.

पहिला वर्ग सकाळी, महापालिकेच्या मराठी शाळेत. तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. त्यामुळे शाळा या फिल्ममध्ये दिसणार नाही, घंटा तेवढी ऐकू येईल. ती आम्ही फुटपाथवरून टिपली.

(घंटा.)

शाळेत मीही तिला बाईच म्हणायचे. कधी चुकून 'आई' निघालं की वर्ग हसायचा आणि ती फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

(दृश्य : पोस्टकार्डं, एकेक करून सतरंजीवर.)

ही कार्डं जरा सावकाश बघा.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाबद्दल पगार, बोनस, युनियन, मालक असं सगळं बोलून झालंय. आमच्या घरातही तेच बोलणं चाले, वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते. आईचा हिशेब वेगळा होता. संप जानेवारीत, वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. पगार थांबला की बायका-मुलं आधी गावी जाणार, आणि परीक्षेची वाट बघत कोणी थांबणार नाही.

तसंच झालं. कोकणातले, साताऱ्याकडचे, कोल्हापूरकडचे, रात्रीची एसटी पकडून गेले. भांडी नेली, पत्र्याचे डबे नेले. दाखला कोण नेतो?

आणि दाखल्याशिवाय गावातल्या मास्तरांनी पोराला बसवायचं कुठल्या वर्गात? चौथीतलं पोर दुसरीत बसायचं, नाहीतर गुरांमागे जायचं.

मग आईने सुरू केलं. शाळा सुटली की मजले चढायची. मुंबईत ओळख होते तीच मुळी गाव विचारून, त्यामुळे कोण कुठे गेलं हे शेजाऱ्याला पक्कं ठाऊक. पत्ता मात्र कधी धड नसायचा. 'मु. पो.' असायचं तर तालुका नसायचा. पिनकोड तर कुणालाच माहीत नसायचा. हे कार्ड बघा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला वेगळा झाला, पण लोकांच्या तोंडी अजून रत्नागिरीच होता. 'जि. रत्नागिरी' खोडून खाली 'सिंधुदुर्ग' लिहिलंय. खोडणारा पोस्टमन असावा, शाई निराळी आहे.

ती जोडकार्ड पाठवायची. अर्धं तिचं, अर्धं उत्तरासाठी कोरं, त्यावर आमचा पत्ता आधीच घातलेला, मुंबई ४०० ०१३. उत्तरात दाखल्यासाठी अर्ज यायचा. चार ओळी, खाली अंगठा. हा अंगठा, हाही अंगठा. आणि ही सही, जरा तिरकी. ही पॅसेजमध्ये गिरवलेली.

अर्ज आला की जनरल रजिस्टर काढून पूर्ण नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, इयत्ता, सगळं उतरवायचं. मग मुख्याध्यापकांची सही. ती मिळायला कधी आठवडा लागायचा. त्यांना दोष देत नाही मी. इतके दाखले एकदम गेले तर पट कोसळेल आणि तुकडी बंद होईल, हे त्यांना दिसत होतं. आईला दिसत नव्हतं असं नाही. स्वतःच्या वर्गाचा पट ती स्वतःच्याच हाताने उतरवत होती.

(दृश्य : आईचं अक्षर, जवळून. पाठवलेल्या दाखल्यांच्या नोंदींची वही.)

दाखल्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. पानामागून पान उलटतोय आम्ही. 'गावी गेल्यामुळे'. 'गावी गेल्यामुळे'. संप हा शब्द तिने एकदाही लिहिलेला नाही. वर्तणूक सगळ्यांची 'चांगली'. यातल्या दोघांनी माझी दप्तराची पट्टी कापली होती, तरी चांगली.

पाकिटं चिकटवायचं काम माझं, भाताची शितं लावून. त्या काळात आमचा रात्रीचा भात शेजारच्या काकूंच्या स्टोव्हवर शिजे. आई माझ्या वाट्याला यायची ती शितं लावायच्या वेळेला, तासभर. पाढे तेव्हाच म्हणून घ्यायची. अकराचा झाला की 'पाकीट उलटं कर' आणि पुढे बाराचा.

(दृश्य : मॉलची काच. मग चाळीचं पाडकाम.)

संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. घर आईच्या पगारावर चाललं. गिरण्यांच्या जागी हे आलं. आईच्या दोन तुकड्यांची एक झाली, ती निवृत्त झाली, गेली. आता चाळीही जातायत. १६०च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, ते हवंच होतं. मराठी शाळेचं कुणी विचारत नाही.

(दृश्य : ट्रंकेचा तळ. वर्तमानपत्राखालून तीन पाकिटं.)

ही तीन परत आलेली. पोस्टाचा शिक्का पुसट झालाय, 'पत्ता अपूर्ण' तेवढं वाचता येतं. आत दाखले तसेच आहेत. नावं आम्ही झाकलीत, माणसं कुठेतरी असतील, पन्नाशी ओलांडलेली.

भावाने पाकिटं उलटी केली. तिन्हींच्या मागे पेन्सिलीने, आईच्या अक्षरात : पुन्हा विचारणे.