रक्तवाहिनीच्या भिंतीतला विस्तव

[दृश्य: पावसाळी रान. करवंदीच्या जाळीवर चढलेला कळलावीचा वेल.]

श्रावणात सह्याद्रीच्या रानात ही फुलं दिसू लागतात. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लालबुंद. कळलावी. हिलाच अग्निशिखा म्हणतात. कंद आणि बिया जहाल विषारी. हिचं नातं हृदयाच्या एका जुन्या कोड्याशी आहे.

[दृश्य: रोहिणीचा आडवा छेद.]

हार्ट अटॅक म्हटलं की आपल्याला नळ आठवतो. गाळ साचला, नळ तुंबला. मग परवाच स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, नॉर्मल आलेला माणूस आज अचानक कसा जातो? हा प्रश्न कितीतरी घरांत रडत रडत विचारला गेला आहे.

गाळ साचतो तो रक्तवाहिनीच्या भिंतीत. एलडीएल कोलेस्टेरॉल आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत शिरतं, अडकतं, बिघडतं. पायात काटा मोडला की पांढऱ्या पेशी धावून येतात, तशा त्या इथेही येतात. काट्याची जागा लाल होते, सुजते, ठणकते. इथेही दाह होतो, फक्त ठणका लागत नाही. पेशी चरबी गिळून फुगतात, तिथेच मरतात, आणि त्या मेल्या की आणखी पेशी येतात. वर्षानुवर्षं हेच चालतं. वर तंतूंची खपली धरते. दाह भडकला की याच पेशींतून स्रवणारी विकरं ती खपली कुरतडून पातळ करतात. ती फुटली की आतला ऐवज रक्ताला लागतो आणि बघता बघता गुठळी होते. पुष्कळदा हे अशा जागी घडतं जिथे रक्तवाहिनी निम्मीही अरुंद झालेली नसते. स्ट्रेस टेस्टमध्ये ती जागा सापडणार कशी?

[दृश्य: जुना सूक्ष्मदर्शक.]

जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोव यांनी १८५६ च्या सुमारासच याला दाह म्हटलं होतं. पुढे १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून रोहिण्या बिघडवून दाखवल्या, आणि बराच काळ सगळं लक्ष चरबीकडेच राहिलं. दाह हे कारण की नुसती सोबत, हे ठरत नव्हतं.

ठरलं २०१७ मध्ये. बोस्टनचे डॉक्टर पॉल रिडकर यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची चाचणी घेतली. ते दाहाचा एकच रेणू अडवतं. एलडीएल जवळजवळ हललं नाही, तरीही दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. दीडशे वर्षांपूर्वीची शंका खरी होती! पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले. आपल्याला राखणारा दाहच तर दाबला होता. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या दाह दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाची चाचणी निष्फळ ठरली, म्हणजे कुठलाही दाह कसाही दाबून भागत नाही.

[दृश्य: पुन्हा कळलावी.]

दुसरीकडे डॉक्टर वळले होते गाउटच्या, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आजाराच्या, जुन्या, स्वस्त गोळीकडे, कोल्चिसिनकडे. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांत रोज अर्ध्या मिलिग्रॅमने हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा घटना मिळून २३ टक्क्यांनी घटल्या. २०२४ च्या आणखी मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. वाद चालू आहे.

कोल्चिसिन कळलावीतही असतं. म्हणून तर तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिचे मळे लावतात. आपल्या रानातली कळलावी मात्र कुणी उगाळून घेऊ नये. तीच गोळी थोडी जास्त झाली तरी जीव घेते.